लागू न पडलेलं औषध

दम्यावर संशोधन करणाऱ्या धाकट्या बहिणीला ताई लाडाने ‘उंदीरवाली’ म्हणायची. लहानपणी ताईला धाप लागली की धाकटी तिची पाठ चोळत बसायची, आणि तेव्हाच तिने या दम्याचा छडा लावायचं मनात घेतलं होतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पायी तिची निम्मी हयात गेली. लग्नाचं राहूनच गेलं.

शेवटी औषध हाती लागलं. श्वासनलिका सुजवणाऱ्या एका जातीच्या पेशींना ते आवर घालायचं. चाचणीतले लोक जिने चढू लागले. एक सुतार तर तिच्यासमोर आनंदाने ढसाढसा रडला.

मग तिने ताईचा कफ तपासला. त्यात त्या पेशी औषधालाही नव्हत्या. पुन्हा नमुना घेतला, तरी तेच.

“म्हणजे तुझं औषध मला चालायचं नाही?” ताईने विचारलं.

“तुझ्या दम्याचं कारणच दुसरं आहे गं.”

“कोणतं?”

“ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.”

ताई हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. “ते काही नाही,” ती धापा टाकत म्हणाली, “उंदरांना टोचतेस आणि सख्ख्या बहिणीला नाही म्हणतेस?”

ताईच्या डॉक्टरांनीही, बघायला काय हरकत आहे, म्हणून इंजेक्शनं सुरू केली. “मोकळं वाटतंय,” ताई सांगू लागली. भावोजींच्या जिवात जीव आला. फुंकर मोजायच्या नळीतला काटा मात्र तसूभरही चढत नव्हता. ते दिसत असूनही उंदीरवाली म्हणायची, “हो, फरक आहे.”

थंडी पडली आणि ताईला दवाखान्यात हलवावं लागलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून तिने विचारलं, “खोटं बोलत होतीस ना?”

“हो.”

“मीही. ह्यांना तेवढंच बरं वाटत होतं.”

दोन दिवसांनी ताई गेली.

“नेमकं कशाने गं?” भावोजी विचारत राहिले. 

ती कामावर परतली तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख सर हळूच म्हणाले, “या दुसऱ्या प्रकारावर आता काम सुरू करू. तूच कर.”

“कुणासाठी?” तिने विचारलं.

सर काहीतरी बोलत होते. तिने अंगातला पांढरा कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि ती घरी निघून गेली.