‘वणवा’ आणि त्याचे संस्थापक

चाळिशी उलटल्यावर दातांच्या डॉक्टरांना कंठ फुटला. दवाखान्यामागच्या एक्स-रेच्या खोलीच्या भिंती जाड होत्या, म्हणून तिथेच त्यांनी रॉक बँड काढला. नाव ठेवलं ‘वणवा’. गिटार आणि गाणं स्वतःकडे, ड्रमवर विमा कंपनीतला मेहुणा, बेस गिटारवर समोरचा सलूनवाला. ‘तोडा पिंजरे’ हे डॉक्टरांनी लिहिलेलं गाणं शेजाऱ्यांच्या भीतीने दारं-खिडक्या घट्ट लावूनच म्हणावं लागे.

पहिल्याच बैठकीत डॉक्टरांनी फर्मान काढलं, "सगळ्यांनी केस वाढवायचे."

सलूनवाला म्हणाला, "आणि मी खायचं काय? तुम्ही किडके दात दाखवत पेशंट तपासाल का?" त्याने आपली बेस गिटार खांद्याला अडकवली आणि रस्ता ओलांडून गेला.

डॉक्टरांनी दवाखान्याच्या काचेवर निवेदन चिकटवलं: ‘कलात्मक मतभेदांमुळे आमचा एक सहकारी वेगळा होत आहे.’ ते वाचून एका आजोबांनी कवळी दुसरीकडून करून घेतली.

बेस रिसेप्शनवरच्या मुलीकडे आला. ती कॉलेजात वाजवायची. महिन्याभरात ती डॉक्टरांपेक्षा बरी वाजवू लागली, आणि गुणगुणायची तेव्हा गाल धरून बसलेले पेशंटही कण्हायचे थांबायचे. डॉक्टरांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना मेहुणा खुपत होता.

"तुझा ताल सुटतो," ते एकदा म्हणाले.

"भावजी, ताल जागेवर आहे. तुमचा सूर घर सोडून पळतो, मी त्याच्या मागे धावतो."

मेहुण्याला नारळ मिळाला. दुसरं निवेदन लागलं. त्याच्या जागी ड्रमवर डॉक्टरांची बायको बसली. भावाकडून ती गुपचूप शिकली होती. तिचा हात असा बसला की डॉक्टर बिचकून दुसरं कडवंच विसरले.

मग नगरवाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. तालमीनंतर रिसेप्शनवरच्या मुलीकडे बोट दाखवत बायको म्हणाली, "अहो, आमचं दोघींचं मत झालंय. गाणं ही म्हणेल."

"आणि गिटार?"

"दादाला विचारलंय. त्याला गिटारही येते. तो येतोय."

"अगं, बँड माझा आहे!"

"तुमचाच आहे हो. तुम्ही फक्त वाजवू नका."

डॉक्टर तिसरं निवेदन लिहायला बसले, पण ‘संस्थापक स्वतःपासून वेगळे होत आहेत’ याच्या पुढे वाक्य सरकेना.

कार्यक्रमाला ते गेले ते चुका काढायलाच. मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. मुलीने पहिली ओळ उचलली, मेहुण्याने गिटार छेडली, आणि बायकोने असा ठेका धरला की खुर्च्या थरथरल्या. आपलं गाणं इतकं चांगलं आहे हे डॉक्टरांना आजवर ठाऊकच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

गाणं संपताच ते उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!" मग ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून त्यांनी हळूच आजूबाजूला पाहिलं.