काचेपलीकडची खूण

फोरमननं आयुष्यात फारशी पापं केली नव्हती; वेळच कुठे होता? पण जे एक केलं ते नाक खाजवून केलं, आणि त्यात त्याचा मेव्हणा आडवा झाला.

दोघं मूळचे दोस्त. एकाच दिवशी कारखान्यात हॅमरवर, म्हणजे घणाच्या यंत्रावर, लागलेले. लालबुंद लोखंडावर दिवसभर हॅमर आदळत असतो, तिथे बोलणं कानांनी ऐकायचं कुणाच्या बापाला जमेल? सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. शिव्या तर लांबूनही बरोब्बर वाचता येतात! त्यामुळे कोण किती बहिरा झालाय, याचा कुणालाच पत्ता लागत नाही. पुढे एक फोरमन झाला आणि त्यानं धाकटी बहीण दुसऱ्याला दिली. "माणूस सोन्यासारखा, दारूच्या थेंबाला शिवत नाही," असं घरी छातीठोकपणे सांगितलं.

दरवर्षी कान तपासणारी गाडी यायची. काचेच्या खोक्यात बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर तपासणाऱ्या बाईंच्या यंत्रावर प्रत्येक आवाजाला बारीक दिवा लागायचा. दिवा फोरमनला दिसायचा आणि फोरमन मेव्हण्याला. दिवा लागला की फोरमन नाक खाजवणार आणि मेव्हणा बटण दाबणार. तीन वर्षं कागदावर कान एकदम ठणठणीत!

"कान गेलेत हे कळलं तर मला पॅकिंगला टाकतील रे. खोकी चिकटवत बसू का मी?" असं म्हणून मेव्हणा काकुळतीला आला होता, हे खरं. पण ते निम्मंच कारण. त्याच्यासारखा हात अख्ख्या खात्यात दुसऱ्याला नव्हता. तो गेला असता तर फोरमनचं सगळं काम बोंबललं असतं. हे फोरमननं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

मग मेव्हण्याला भोवळ यायला लागली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत चाचपायचा. शरीराचा तोल सांभाळणारा भागही कानाच्या आतच असतो, आवाजानं तोही बिघडू शकतो, असं त्या बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. तरी फोरमन म्हणाला, "मान आखडली असेल, शेक घे." वा रे शहाणा!

परवा मेव्हणा लोखंडी शिडीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं.

त्याच दिवशी चौकशीच्या साहेबांनी फोरमनला विचारलं, "चालताना झोकांड्या जायच्या का?"

"जायच्या."

"आणि कान?"

"तपासणीत चांगले आहेत."

दोन्ही उत्तरं कागदावर गेली, खाली फोरमनची सही. मग झोकांड्या कशाच्या? साहेबांनी 'नशेत' असं लिहून टाकलं. रक्त तपासायचं कुणाला सुचलंच नाही. उद्या सकाळी अहवाल पक्का होणार आणि मेव्हणा दारुडा म्हणून घरी बसणार.

दुपारी फोरमन दवाखान्यात गेला. बहीण औषधं आणायला खाली गेली होती.

"मी पीत नाही, तू तरी सांग रे साहेबांना," मेव्हणा म्हणाला. "तुझं ऐकतील."

फोरमन उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. पाठीवरून काय वाचणार बिचारा! मग तो मोकळ्या आवाजात बोलला, "तुझे कान गेलेत हे मला ठाऊक होतं. भोवळ कशाची, तेही ठाऊक होतं. माझं काम अडू नये म्हणून गप्प बसलो. आणि परवा सही करून तुलाच बुडवलं."

त्याला एकदम हलकं वाटलं. आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

वळला तर मागे बहीण उभी.

"कधी आलीस?"

"केव्हाची. दोन हाका मारल्या, दादा. तिकडे नर्सच्या हातून ट्रे पडला, अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. तू तेवढा वळला नाहीस."

फोरमनचा हात आपसूक कानाकडे गेला. स्वतः त्या खोक्यात तो कधी बसलाच नव्हता.

बहीण रडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "सहा महिने हे झोपले की मी यांच्या तोंडाचा वास घेत होते. माझ्या नवऱ्याच्या! आणि तुला माहीत होतं?"

"उद्या साहेबांना सगळं सांगतो. नोकरी गेली तरी सांगतो. तुझी शपथ."

"साहेबांना सांगशीलच. आधी यांना." तिनं स्टूल ओढून पलंगाजवळ उजेडात ठेवलं. "इथे बस. तोंड दिसलं पाहिजे."

"काय झालं रे?" मेव्हणा दोघांकडे बघत विचारत होता.

फोरमन बसला. मेव्हण्याची नजर त्याच्या ओठांवर येऊन थांबली, इतक्या वर्षांच्या विश्वासानं. फोरमननं पहिला शब्द अगदी सावकाश उच्चारला.