भिंतीतली फुसफुस

मेकॅनिकनं स्टुलावर चढून एसीचं झाकण काढलं आणि आतल्या नळीवर बोटानं टकटक केलं. बर्फाचा पापुद्रा सुटून आईच्या पांघरुणावर पडला. लेकीनं तो चटकन उचलला, पण कुठे टाकावा हे न सुचून ती तशीच उभी राहिली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"बर्फ धरलाय, तरी खोली तापलेलीच," ती म्हणाली. "दिवसभर चालू असतो."

"गॅस गळतोय. मग बर्फ धरतो, गार हवा येत नाही आणि बाहेर कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो. मागे कधी भरला होता?"

"उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्याआधीही एकदा."

"भोक तसंच ठेवून नुसतं भरत राहायचं, याला काय अर्थ?"

लेकीनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. चारला दादा गाडी घेऊन येणार होता. आईची बॅग भरून तयार होती. वृद्धाश्रमातली खोली सध्या महिनाभरासाठीच घेतली होती. हे 'महिनाभर' दादानं फोनवर दोनदा म्हटलं होतं.

तीन आठवडे आई एकच सांगत होती, भिंतीत कोणीतरी फुसफुसतंय. लेकीनं कान लावून पाहिला, दादानंही पाहिला. काही नव्हतं. आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, कानाला हेडफोन लावून. आता अठ्ठ्याहत्तरीत तेच कान भलतंसलतं ऐकताहेत, असं डॉक्टरांनी समजावलं आणि गोळ्या वाढवल्या. आई भर दुपारी पेंगू लागली, तोंडातला घास चावायचा विसरू लागली. हे आपल्या आवाक्यातलं राहिलं नाही, असं दादा म्हणाला आणि लेकीनं मान डोलावली.

मेकॅनिकनं एसी बंद केला, खिडकी उघडायला सांगितली आणि भिंतीत शिरणाऱ्या नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला. लेक दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"हे बघा, ताई."

फेसात एकामागून एक बारीक बुडबुडे फुगत होते.

"फुस्स असा आवाज येत असेल की. गॅस कमी पडला की आतूनही येतो."

"आम्हाला नाही आला."

पलंगावर आईनं डोळे न उघडता एक हात किंचित वर केला, वर्गात हजेरी द्यावी तसा.

मेकॅनिक हसला. "आजींचे कान शाबूत आहेत."

त्यानं जोड कापून नवा केला, नळीतली हवा खेचून काढली, गॅस भरला. या सगळ्यात तास-सव्वा तास गेला. तो गेल्यावर खोली हळूहळू निवत गेली. लेक पलंगाच्या कडेला टेकली.

"आई, येतोय का गं अजून आवाज?"

आईनं बराच वेळ कान दिला.

"भिंतीतला थांबला." मग म्हणाली, "काल गॅलरीत तू दादाशी बोलत होतीस. तेही आलं होतं ऐकू. सगळं."

लेकीनं पांघरुणाची घडी सारखी केली, विस्कटली, पुन्हा सारखी केली.

फोन वाजला. दादा होता. सवयीनं ती उठली, गॅलरीच्या दाराशी जाऊन कडीला हात घातला. मग मागे फिरली, आईला खेटून बसली आणि फोन उचलला.

"गाडी वळव, दादा," ती म्हणाली. आवाज मुळीच खाली आणला नाही. "का ते मग सांगते. नाही, आत्ताच सांगते."