चाळिसावे नाव

“बसा की सर, असं उभ्या उभ्या काय,” म्हणत उत्तरेश्वरने दुधाचा रिकामा कॅन उपडा केला आणि त्यावर पोते टाकले.

बिराजदार सर बसले. त्यांच्याबरोबर आलेले भूगोलाचे ओव्हाळ सर मोटारसायकलला टेकून उभे राहिले. समोर पत्र्याच्या शेडमध्ये खव्याची भट्टी पेटलेली होती. वाशी तालुक्यातल्या त्या गावात निम्म्या घरांचा हाच धंदा; सकाळी दूध यायचे, आटायचे आणि दुपारच्या टेम्पोने खव्याचे गोळे बाजाराला जायचे. कढईपाशी उत्तरेश्वरची मुलगी पाठमोरी उभी होती आणि लांब दांड्याचे उलथणे न थांबता फिरवीत होती. सरांच्या हातातली दहावीची गुणपत्रिका तिची होती.

“सामाजिक शास्त्रात अठ्ठ्याऐंशी,” सर म्हणाले. “आमच्याकडं असले मार्क आता बघायला मिळत न्हाईत, उत्तरेश्वरराव.”

“मार्क काय कढईत टाकून आटिवता येत्यात व्हय सर?” उत्तरेश्वर हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. “आन् तुमच्या त्या कला शाखेला गाव काय म्हणतंय ठावं है का? म्हशी राखायची शाखा.”

“आमीबी म्हशी राखतच शिकलो भाऊ,” ओव्हाळ सर म्हणाले. “म्हशींनीबी कधी तक्रार केली न्हाय.”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिचे कान मात्र या बाजूला असावेत; बोलणे थांबले की उलथण्याची गती किंचित मंदावत होती.

महालिंगप्पा बिराजदार मूळचे उमरग्याकडचे. सत्तावीस वर्षे ते अकरावी-बारावीला इतिहास शिकवीत होते. पहिली काही वर्षे वर्गात बाक पुरत नसत. मग हुशार मुले विज्ञानाला जाऊ लागली, ज्यांना ऐपत होती ती लातूरला गेली, आणि कला शाखेच्या खिडक्यांतून वारा बिनअडथळा ये-जा करू लागला. संस्थेने स्पष्ट बजावले होते, पटावर चाळीस नावे नसतील तर तुकडी बंद. म्हणून मे महिना लागला की सर आणि ओव्हाळ येरमाळ्यापासून वाशीपर्यंतची गावे पालथी घालत, ओट्यांवर बसत, चहा पीत आणि नावे मागत. यंदा एकोणचाळीस झाली होती. उद्या यादी द्यायची होती.

“इथं नाव पुसट छापलंय. काय म्हणला?” सरांनी विचारले.

“सृष्टी,” मुलीनेच उत्तर दिले, मागे न वळता.

उत्तरेश्वरने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पोरगी हुशार है, न्हाय कोण म्हणतंय. पर तिच्या आईच्या कंबरेचं आपरेशन झालेलं, ती आता भट्टीफुडं उभी ऱ्हात न्हाय. ही रोज कालेजला निघाली तर सकाळची भट्टी...” आणि तो मध्येच थांबला. त्याने घराच्या दाराकडे पाहिले. उंबऱ्यात त्याची विधवा भावजय कमलबाई तांदूळ निवडत होती. तिनेही मान वर केली.

सरांनी त्या थांबण्याचा अर्थ नकार असा लावला. महिनाभरात असे थांबणे त्यांनी अनेक ओट्यांवर ऐकले होते, आणि त्याच्यावर एक ठरलेले वाक्य होते. पहिल्यांदा ते उच्चारताना त्यांची जीभ अडखळली होती. आता अडखळत नसे.

“रोज यायची गरज न्हाय,” सर म्हणाले. “नाव पटावर राहू द्या. परीक्षेपुरती पाठवा. हजेरीचं आमी बघतो.”

“खरं म्हणता?”

“शब्द है माझा.”

उत्तरेश्वरचा चेहरा मोकळा झाला. “मग काय, लिवा की नाव! अगं, सरांना च्या ठेव.”

भट्टीवरून करपल्याचा वास आला. उलथणे थांबले होते.

“ए सृष्टे! खाली लागलं बघ की!” उत्तरेश्वर ओरडला.

मुलीने पुन्हा हात चालवायला सुरुवात केली. सर यादीत नाव लिहीत होते; त्यांनी ते पाहिले नाही.

*

वर्ग सुरू झाला. चाळीस नावे, बाकांवर पाच जण, कधी चार. सर रोज पट उघडत, नावे मनातल्या मनात वाचत आणि प्रत्येकापुढे हजेरीची खूण करीत. मग उठून शिकवायला लागत. आवाज मात्र त्यांनी कधी कमी केला नाही. ओव्हाळ एकदा म्हणाले होते, “सर, पाच पोरांना येवढ्या मोठ्यानं कशापायी?” सर म्हणाले होते, “सवय है ओ. बारीक आवाजात मौर्य सापडत न्हाईत.”

सप्टेंबरातल्या एका सकाळी दारात सृष्टी उभी राहिली. दुधाच्या टेम्पोतून आली होती. धुतलेला, पण इस्त्री नसलेला पंजाबी ड्रेस, आणि ती आत येताच वर्गभर पसरलेला आटलेल्या दुधाचा मंद, धुरकट वास.

“येऊ का सर? आज गावात मयत झाली, भट्ट्या बंद हैत.”

त्या दिवशी सर तेर शिकवीत होते. तेर म्हणजे इसवी सनाच्या आरंभीचे तगर, तिथून बैलगाड्यांतून भडोचला जाणारा माल, तिथून समुद्रापार. शेजारच्या तालुक्यातल्या गावाचे नाव पुस्तकात यावे याचे त्यांना दर वर्षी नवे अप्रूप वाटे, आणि दर वर्षी ते एकट्यालाच वाटे.

“सर,” पहिल्या बाकावरून सृष्टीने विचारले, “त्या गाड्या मुक्कामाला कुठं थांबत असतील?”

“म्हणजे?”

“बैल काय दिसभर चालत न्हाईत. पाणी लागतंय, वैरण लागती. जिथं पाणी तिथं थांबत असतील. मग आमच्या गावच्या बारवंपाशीबी थांबली असंल की एखादी गाडी?”

“असंल,” सर म्हणाले. “पुरावा न्हाय. पण असंल.”

“मग त्यांना भाकरी कुणी करून घातली, हे कुठं लिवलंय का?”

सर खडू हातात धरून उभे राहिले. सत्तावीस वर्षांत त्यांना परीक्षेत काय येणार, एवढेच विचारले गेले होते. “न्हाय लिवलेलं,” ते हळूच म्हणाले. “ते शोधावं लागंल कुणीतरी.”

तास संपला. इतर मुले बाहेर पडली. सृष्टी टेबलापाशी आली आणि उघड्या पटाकडे पाहत राहिली. जूनपासूनच्या रकान्यांवरून तिने बोट फिरवले. आटीव दुधाच्या शिंतोड्यांनी त्या बोटांवर लहान लहान डाग पडले होते.

“सर, मी तर रोज आलेली है.”

सरांनी पट मिटायला हात पुढे केला; तिचे बोट तिथेच होते.

“एकबी दिस चुकला न्हाय माझा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. अनोळखी गावात आपल्याच नावाची मुलगी भेटावी, तसे ती त्या नावाकडे पाहत होती. “हिला सगळं येत असंल, न्हाय का?”

मग तिने विचारले, “उद्या येऊ?”

“ये,” सर म्हणाले. “रोज ये.”

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. सर पट उघडत आणि तिच्या नावापाशी त्यांचा हात थांबे.

*

रविवारी ते एकटेच गेले. शेडमध्ये आता दोन भट्ट्या होत्या. दोन्ही कढयांच्या मध्ये सृष्टी उभी होती. एकीकडे हात चालवायचा, मग वळून दुसरीकडे. सरांना पाहून तिने ओढणीने तोंडावरचा घाम टिपला, पण थांबली नाही.

“मुलीला वर्गात पाठवा, उत्तरेश्वरराव,” सर बसण्याआधीच म्हणाले. “माझं चुकलं. घरी बसवायची पोरगी न्हाय ही.”

उत्तरेश्वर गोंधळला. “सर, तुमीच म्हणला होता, यायची गरज न्हाय.”

“म्हणलो होतो.”

“तुमच्या शब्दावर म्या दुसरी भट्टी घातली. दोन गावचं दूध लावून घेतलंय. आता कुणाच्या हातात देऊ? गडी मिळत न्हाय, मिळाला तर टिकत न्हाय.” त्याने हात जोडल्यासारखे केले. “म्या काय पोरीचा दुष्मन है का सर? शिकलेला माणूसच म्हणला की, नुसतं नाव आसलं तरी चालतंय. म्या म्हणलं, आसंल तसंच.”

सर परत निघाले तेव्हा कमलबाई त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आली. हातात झाकलेले भांडे होते, त्यात ओंजळभर खवा.

“तुमाला एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “तुमी जूनात आला ना, त्याच्या आदल्या दिशी घरात बोलणं झालं हुतं. लेकरू दोन दिस जेवलं न्हवतं. मग म्याच म्हणलं, सकाळची भट्टी म्या बघते, तिला जाऊ द्या. भावजींनी व्हय म्हणलं हुतं.”

“व्हय म्हणले होते?”

“भावजी तेच सांगणार हुते तुमाला. सकाळची भट्टी कोण बघणार, आसं म्हणून माझ्याकडं बघितलं, ध्यानात है का? वयनी बघणार है, आसं म्हणणार हुते.” कमलबाईने भांडे त्यांच्या हातात दिले. “आन् मधीच तुमी बोलला.”

तिने ते दोष देण्यासाठी सांगितले नव्हते. एखादी वस्तू ज्याची त्याला परत करावी, तसे सांगितले होते. सर मोटारसायकलपाशी गेले. किल्ली खिशात होती, आणि ते ती दुसऱ्या खिशात शोधत होते.

*

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेला चाळीसच्या चाळीस आली. वर्षभर ओस पडलेल्या खोलीत बाहेरचे बाक आणून मांडावे लागले. बरेच जण एकमेकांना ओळखत नव्हते. इतिहासाच्या पेपराला सरच पर्यवेक्षक होते.

तासाभरात खोली रिकामी व्हायला लागली. चार ओळी, एखादे चित्र, वर पुन्हा प्रश्नच उतरवून काढलेले; मुले उत्तरपत्रिका टेबलावर टाकून निघून गेली. इथे सगळेच पास होतात, हे त्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगितलेले होते. दीड तासाने सृष्टी एकटी उरली.

सर तिच्या बाकाजवळून गेले. तिने दोन पाने लिहिली होती. तगर, भडोच, बैलगाड्या. तिसरे पान कोरे होते. लेखणी टोपण लावून बाजूला ठेवलेली. लिहिणे संपून बराच वेळ झाला असावा. ती ताठ बसली होती, दोन्ही हात बाकावर ठेवून. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होती, मग फळ्याकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाकडे.

बाहेर दुधाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा, लांब.

“झालं लिहून?” सरांनी विचारले.

“व्हय सर.”

पण ती उठली नाही. थोड्या वेळाने तिने खालच्या आवाजात विचारले, “अजून किती येळ बसता येतंय?”

सरांनी घड्याळाकडे पाहिले. “दीड तास है अजून.”

“मग बसू?”

“बस.”

हॉर्न पुन्हा वाजला. शिपाई दारात येऊन डोकावला. एकच मुलगी, आणि तीही काही लिहीत नाही, हे पाहून त्याने सरांकडे प्रश्नार्थक पाहिले. सर उठले, दार हलकेच लोटून घेतले आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसले.