डिस्कमधला बांध

वडील गेल्यावर करंजाड्याचा प्लॉट एकट्या मितेशदादाच्या नावावर व्हावा म्हणून दिपिकाने पनवेलच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली. बहिणी करतातच. बदल्यात पैठणी मिळाली. ती अजून घडीतच आहे, आणि कपाट उघडलं की दिपिकाचं डोकं फिरतं.

आता प्रश्न वडिलांच्या कॉम्प्युटरचा होता. त्यावर दादा न्हावा शेवा बंदरातल्या ट्रेलरांच्या फेऱ्या लावायचा. दिपिकाला घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायचं काम मिळालं होतं, पण जुन्या विंडोजवर नकाशा उघडला की मशीन मान टाकायचं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी प्रणाली मजेत चालेल हे तिला ठाऊक होतं. काम हातचं जाऊ द्यायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

"माझ्या मशीनला हात लावायचा नाय," दादाने बजावलं.

"बाबांचं आहे ते."

"मंग?"

रविवारी दादा द्रोणागिरीला मित्राच्या हळदीला गेला, तशी ती बसली. आधी त्याच्या सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. मग विंडोजची जागा आवळून अर्धी डिस्क मोकळी केली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवताना पडद्याने विचारलं, सगळं पुसून बसवायचं की विंडोजच्या शेजारी? क्षणभर तिला खरंच सगळं पुसावंसं वाटलं. राग तेवढा होता. पण तिला वाटा हवा होता, आणि तिने वाट्यापुरतंच घेतलं.

सोमवारी दादाने मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली. वर लिनक्स, खाली विंडोज.

"काढ हे. आत्ताच्या आत्ता."

"तुझं सगळं जागच्या जागी आहे. उघडून बघ."

त्याने उघडून बघितलं. गाड्या, फेऱ्या, सगळं होतं. तरी त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. "मंग माझं नाव वर टाक."

दोन मिनिटांचं काम होतं. स्वयंपाकघराच्या दारातून आईने नेहमीचा सूर लावला. "टाक ना बाय. भाऊ हाय तुझा. आमी नाय दिलं लिवून आमच्या भावांना?"

"म्हणूनच नाही टाकणार," दिपिका म्हणाली.

तिने मशीन पुन्हा चालू केलं, पडद्यावर दोन नावं परत आली.

"रोज खालचा बाण दाबायचा, दादा. दहा सेकंदांत नाही दाबलास, तर माझं सुरू होईल."

दादा हाताची घडी घालून बसला. बहीणच उठून दाबेल याची त्याला खात्री होती, आजवर उठतच आली होती. पडद्यावरचा आकडा उतरत चालला. आई पदराला हात पुसत जवळ आली आणि दर वेळी दिपिकाला समजावणारी ती बाई या वेळी मितेशकडे वळली.

"दाब रं," ती म्हणाली. "नायतर तिचं लागंल."

दादाने बाण दाबला.