करंगळीचा फोटो

हात टेबलावर पालथा ठेवला की चारही बोटं टेबलाला टेकतात. आईची करंगळी टेकत नसे. मधल्या पेरापासून ती थोडी उचललेली आणि बाहेरच्या बाजूला वळलेली राही. तिच्याखाली पडणारी सावली मात्र बरीच सरळ दिसे. फोटोत ती सावलीसुद्धा आली होती. चिमीने स्क्रीनवर फोटो मोठा केला, कडेने थोडा कापला, उजेड जरा वाढवला आणि पुन्हा जतन केला. नव्या साइटला फोटोही जरा नवा हवा असे.

मग ती मजकुराकडे वळली. पहिलं वाक्य होतं, ‘न्हाणीघरात घसरून वयस्कर माणसांचं मनगट मोडणं ही नेहमीची गोष्ट आहे.’ तिने ‘घसरून’ खोडून ‘पाय निसटून’ लिहिलं. मागच्या साइटवर ‘तोल जाऊन’ होतं, त्याच्या मागच्या साइटवर ‘ओल्या फरशीवर पडून’.

“बाई, पेढे आणा!” मालक दारातूनच ओरडला. तो तिच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान होता, पण मालक होता. “आपला हात पहिल्या पानावर!”

“कुणाचा हात?”

“तुमच्या आईसाहेबांचा! मनगटाचे व्यायाम म्हणून शोधा, सगळ्यात वर आपला कागद. मनगटाचे पट्टे विकणाऱ्या त्या दुकानदाराचा सकाळीच फोन. म्हणतो, काय जादू केलीत, दुकानाच्या साइटवर माणसांची रीघ लागलीय.”

टायरच्या दुकानावरच्या ह्या दोन खोल्यांत चालणारं काम चिमीला पहिल्या दिवशी जादूसारखंच वाटलं होतं. मालकाने ते तिला फार सोपं करून सांगितलं होतं. “हे बघा बाई, ज्याचं मनगट दुखतं तो काही पट्ट्याचं दुकान शोधत नाही. तो व्यायाम शोधतो, माहिती शोधतो. तेव्हा दुकानाच्या साइटवर ढुंकून कोण बघणार? पण ह्या ज्या मोठाल्या साइट आहेत ना, जिथे कुणीही आपला कागद फुकट टाकावा आणि कुणीही फुकट वाचावा, त्यांना वजन आहे. तिथला कागद वर येतो. आपण तिथे चांगला कागद ठेवायचा. वाचणारा आपला पाहुणा. त्याला पोटभर माहिती द्यायची, आणि शेवटच्या पानावर हळूच दार दाखवायचं, म्हणजे दुकानाची लिंक. दारावर बोट ठेवलं की तो दुकानात.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिमीची अर्धी नोकरी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात गेली होती. कशात काय आहे हे नेमकं लिहायची तिला सवय होती, त्यामुळे हे काम जमलं. एकच मजकूर दोन साइटवर चालत नाही, पकडला जातो; म्हणून शब्द बदलायचे. बाजारातला फोटो तर लगेच पकडला जातो. म्हणून फोटो घरचाच हवा. मनगटाच्या पट्ट्यांचं काम आलं तेव्हा तिच्या घरी एक हात होताच.

फोटोच्या दिवशी आईने हात धुऊन, पदराला पुसून टेबलावर ठेवला होता. “काय लिहिलंयस माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दल नाही गं. मनगट मोडायची कारणं अनेक असतात, असं लिहिलंय.”

“अनेक-बिनेक काही नको. बाथरूममध्ये घसरून, असं लिही. चार लोक वाचणार.”

“आई, तू घसरली नव्हतीस.”

“लिही म्हणते ना.”

आई घसरली नव्हती. शेजारणीशी बोलता बोलता ती दादाची नोकरी गेल्याचं बोलून गेली होती, एवढंच. दादाने घरात येऊन दार लावलं, तिचा हात टेबलाच्या कडेवर आडवा धरला आणि वरून आपलं सगळं वजन टाकलं. काचेची कांडी खाच पाडून मोडताना जसा आवाज होतो, तसाच आवाज चिमीने स्वयंपाकघरातून ऐकला. ती धावत आली तर दादाने तिला भिंतीवर फेकलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “बाथरूममध्ये घसरले.” मनगटाच्या सुजेत करंगळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि ती तशीच जुळली.

त्या आठवड्यात चिमी आईला घेऊन इथे निघून आली. कुणाला पत्ता दिला नाही. तक्रार देऊ या, असं ती अधूनमधून म्हणे. आई म्हणे, “बघू.” उन्हाळा जाऊ दे, बघू. थंडी सरू दे, बघू. पलंगाखाली आईची एक पिशवी भरलेली असे, दोन साड्या, औषधं, चष्म्याचं जुनं घर. मुलगा न्यायला आला तर पटकन निघता यावं म्हणून. चिमी झाडताना ती पिशवी उचले आणि पुन्हा तिथेच ठेवी.

ती नव्या साइटवर कागद चढवत असताना जिन्यावर पावलं वाजली.

“तो हाताचा कागद तुमच्याकडेच बनतो ना?” दारातला आवाज गोड होता. “पट्ट्याच्या दुकानात फोन केला होता. म्हटलं, इतकी छान माहिती लिहिली कुणी? त्यांनीच तुमचा पत्ता दिला.”

“या, या! बसा!” मालक उठून उभा राहिला. “बाई, बघा, आजवर लोक साइटवर यायचे, हे थेट दारात आले!”

चिमीने मान वळवली नाही. तिला आवाज कळला होता. तिची बोटं कीबोर्डवर होती तशीच राहिली.

“चिमे,” दादा म्हणाला. “केवढी शहाणी झालीस गं.”

ती वळली. तो वाळला होता. दाढी नीट केलेली, शर्टाला इस्त्री. उजव्या हाताला प्लास्टर होतं, आणि त्यात शेवटची दोन बोटं एकत्र बांधलेली होती. ह्या कागदासाठीच तिने हाताच्या हाडांबद्दल महिनाभर वाचलं होतं. असं प्लास्टर कधी घालतात हे तिला माहीत होतं. मूठ एखाद्या कठीण गोष्टीवर जोराने बसली की करंगळीच्या मुळाचं हाड मोडतं. भिंतीवर, दारावर. माणसावर आपटली तरी मोडतं.

“प्लास्टर निघाल्यावर कसले व्यायाम करायचे ते शोधत होतो,” दादा म्हणाला. “आणि कोण दिसावं? आई! जन्मभर त्या हाताने जेवलोय, मला कळणार नाही होय?”

“दादा, तू जा.”

“माझ्या आईचा हात बाजारात मांडलास तू? रस्त्यावरचा कुणीही सोम्यागोम्या बघणार तो?”

“अहो, पण त्यात चेहरा वगैरे काही—” मालक मध्ये बोलला.

“तुम्हाला विचारलं?”

मालक बसला.

“घर कुठाय?” दादाने विचारलं.

“नाही सांगणार.”

त्याने डाव्या हाताने तिचे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. कीबोर्डची दोन-तीन बटणं उडून जमिनीवर गेली. तिला वास आला तो रक्ताचा नाही, कीबोर्डमधल्या जुन्या धुळीचा. त्याने डोकं वर उचललं आणि पुन्हा आपटलं. “घर कुठाय?” ती नाही म्हणाली. प्लास्टरचा हात जबड्यावर बसला. जिभेला दाताचा तुकडा लागला, आणि खडा आलाय असं क्षणभर तिला वाटलं. मालक “सोडा हो, सोडा” म्हणत दादाच्या पाठीला लोंबकळला. दादाने वळून त्याच्या नाकावर तेच प्लास्टर हाणलं. मॉनिटर कलंडला आणि वायरीला लटकत राहिला. त्यावरचा आईचा हात आडवा झाला.

चिमी खाली पडली होती. दादाने तिच्या बरगडीत लाथ घातली. “लहानपणी सायकल कुणी शिकवली तुला? बोल! मला न सांगता पळवलीस तिला?” दुसरी लाथ. “मी काय रस्त्यावरचा आहे?” तिसऱ्या लाथेला तिचा श्वासच बाहेर गेला आणि आत यायला तयार होईना.

“लाँड्रीच्या वर!” मालक नाक धरून भिंतीपाशी ओरडला. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. “मागच्या रस्त्याला, लाँड्रीच्या वर राहतात! मारू नका हो त्यांना, मरतील त्या!”

दादा थांबला. त्याने शर्ट सारखा केला, इस्त्रीची घडी चिमटीत धरून सरळ केली, आणि जिना उतरून गेला.

“बाई, मी... ते तोंडातून गेलं हो,” मालक म्हणाला.

चिमी टेबलाला धरून उठली. आईला फोन लावला, तो बंद होता. चार्जिंग वाचावं म्हणून आई तो बंदच ठेवत असे. जिना उतरता उतरता तिने पोलिसांना लावला. बोलताना तोंडातून रक्ताचा फेस येत होता, म्हणून पत्ता दोनदा सांगावा लागला. टायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. ती पळत नव्हती. पळता येत नव्हतं. बरगडी धरून ती जमेल तेवढं भरभर चालत होती.

लाँड्रीवरच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून मारल्याचा आवाज येत नव्हता. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला.

दादा खुर्चीवर बसला होता. आईने त्याला पाणी दिलं होतं. भरलेली पिशवी पलंगावर होती, चष्म्याचं घर तिच्यातून डोकावत होतं. आई त्याच्यासमोर उभी राहून त्याच्या प्लास्टरवरून हात फिरवत होती.

“किती वाळलास रे. खातोस का काही?”

“तू नाहीस तर कोण देणार खायला? चल आई. झालं गेलं सोड.” त्याचे डोळे खरोखरच ओले होते.

“हे कसं झालं?”

“काही नाही गं. बाथरूममध्ये घसरलो.”

आईचा हात प्लास्टरवर होता तिथेच राहिला. तिने त्या बांधलेल्या दोन बोटांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

तेवढ्यात चिमी उंबऱ्याला अडखळून आत आली, आणि आईने तिचं तोंड पाहिलं. ओठ फाटलेला, एक डोळा मिटत आलेला, गळ्यापर्यंत रक्ताचा ओघळ.

“अगं बाई! हे काय?”

“जिन्यात पडली,” दादा म्हणाला. “लहानपणापासून वेंधळीच आहे ती. चल, आवर.”

“आई, जाऊ नकोस,” चिमी म्हणाली. शब्द नीट आले नाहीत.

“गप्प!” दादा उठला. खुर्ची मागे पडली. “तुझ्यामुळे झालं हे सगळं! माझ्या घरात काडी लावलीस!” त्याने तिला पकडून दाराच्या चौकटीवर दाबलं, प्लास्टर गळ्यावर आडवं धरलं आणि वजन टाकलं. चिमीला छताचा कोपरा दिसत होता, मग तोही दिसेनासा होऊ लागला. वजन टाकण्याची ही पद्धत तिला ओळखीची होती.

“सोड तिला,” आई म्हणाली.

त्याने सोडलं नाही. आईने टेबलावरचा पेला उचलला, काचेचा, अजून अर्धा भरलेला, आणि त्याच्या कानशिलावर मारला. पेला फुटला. दादा मागे सरला, कानाला हात लावला, हाताकडे पाहिलं. पाणी आणि रक्त इस्त्रीच्या शर्टावर एकत्र उतरत होतं.

“आई?” तो म्हणाला. तो लहान होता तेव्हा अंधारात घाबरून अशीच हाक मारायचा. आणि मग त्याने तिच्यावर हात उगारला.

तो हात खाली आला नाही. मागून एका पोलिसाने तो दंडाशी धरला होता. त्याच्यामागून धापा टाकत एक पोलीसबाई आत आल्या. खोलीभर नजर फिरवून त्यांनी आधी चिमीला भिंतीशी टेकवून बसवलं.

“घरगुती आहे हो मॅडम,” दादा लगेच गोड आवाजात म्हणाला. “बहीण जिन्यात पडली. आईचा हात थरथरतो, पेला सुटला. आई, सांग ना त्यांना. आपण निघतच होतो.”

“आजी, तुमचा मुलगा का?” पोलीसबाईंनी विचारलं.

“हो.”

“तक्रार वगैरे काही आहे, की घरातच मिटवताय?”

आईने पलंगाकडे पाहिलं. चिमीने डोळे मिटले. जो एक उघडा होता, तोही. आता आई ‘बघू’ म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. खिडकीखाली लाँड्रीचं मशीन गरगरत होतं.

आईने पिशवी उचलली आणि पलंगाखाली सरकवली. काचा पायाने बाजूला केल्या, पडलेली खुर्ची उभी केली आणि बसली. मग तिने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला, फोटोच्या दिवशी ठेवला होता तसाच.

“तक्रार द्यायचीय. माझ्या नावानं,” ती म्हणाली. “आणि आधीपासून लिहून घ्या, बाई. मी बाथरूममध्ये घसरले नव्हते.”