डावीकडचं सॉकेट

सकाळी साडेदहाच्या सुमारास आवक-जावक विभागातल्या काकूंच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद असल्याचं लक्षात आलं. बाकीच्या टेबलांवर ते चालू होतं.

काकूंचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. जहाज त्या दिवशी बारापर्यंत बंदरात होतं, पुढे महिनाभर समुद्र. मागच्या फेरीत त्याच्या उजव्या हाताला दोरखंडाचा मार बसला होता. फोनवर तो ‘बरा आहे’ एवढंच सांगायचा. काकूंना तो हात डोळ्यांनी बघायचा होता. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून अकराच्या व्हिडिओ कॉलसाठी साहेबांनी ऑफिसचा कॉम्प्युटर वापरू दिला होता.

नेटवर्क सांभाळणारे मामा आले. वायरलेस बंद होतं. मुलगा म्हणाला होता, वायरवरच चित्र नीट दिसतं, म्हणून काकूंनी ते कालच बंद केलेलं. मामांनी ते सुरू केलं, तरी पान उघडेना. मशीनला वायर लावलेली होती, तिचा दिवाही हिरवा होता, त्यामुळे मशीन वायरच धरून बसलं होतं. मामांनी वायर उपसली. आता वायरलेसवर इंटरनेट आलं आणि अकराला घंटीही वाजली, पण मधल्या जाड भिंतीमुळे चित्र आलं ते सगळं चौकोनाचौकोनांचं. मग तेही गेलं.

पलीकडचे कारकून म्हणाले की मामांचा हात लागला की चालू असलेलंही बंद पडतं. मामांनी त्यांना चहा सांगायला पिटाळलं आणि स्वतः वायर धरून कपाटामागे शिरले.

भिंतीत दोन सॉकेट होती. वायर डावीकडच्या सॉकेटमध्ये होती. ते नेटवर्कच्या जुन्या डब्याला जोडलेलं, डबा पुढे कशालाच जोडलेला नाही. दिवा तेवढा लागायचा.

“काकू, इथे कोणी हात लावला होता का?”

 काकू म्हणाल्या, सकाळी लवकर येऊन टेबल पुसलं, मुलगा बघणार म्हणून. वायरवरही धूळ होती, ती काढून पुसली. उजवीकडचं सॉकेट कळकट होतं, म्हणून स्वच्छ होतं त्यात लावली.

मामांनी रुमालाने उजवीकडचं सॉकेट पुसलं आणि वायर त्यात बसवली, दुसरं टोक परत मशीनला लावलं.

“तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “हे खरंच फार मळलं होतं.”

काकूंनी स्वतः कॉल लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मामा रुमाल आणि हत्यारं आवरायचं निमित्त करून तिथेच रेंगाळले.

मुलगा दिसला. दाढी वाढलेली, हसत होता. जेवलीस का, साहेब रागावले नाहीत ना, असं विचारत राहिला. काकूंनी सगळ्याला हो-नाही केलं.

“आता दोन्ही हात वर कर.”

“आई, जहाज सुटायला आलंय गं.”

“मग लवकर कर.”

बारा वाजायला दहा मिनिटं होती. चित्र स्वच्छ होतं. त्याने डावा हात वर केला होता.